मीटरघरातल्या अकरा खोल्या

सोमवार, ३ तारीख

बदली झाली. एकोणतीस वर्षं पालिकेच्या कर्मचारी-निवास विभागात काढली, कोणाला कुठला क्वार्टर ते ज्येष्ठता यादीवर बोट ठेवून ठरवलं, आणि माझ्या वाटपाविरुद्धची एकही तक्रार आजवर टिकलेली नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना मला म्हणे ‘कलाकार साहाय्य कक्ष’! कक्ष म्हणजे जिन्याखालची जागा, एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि शिपाईमामा. शिपाईमामांना सोयीनुसार ऐकू येतं.

मॅडमनी बोलावून काम सांगितलं. नव्या आहेत, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि चार पायऱ्या वर. गोदामांच्या रस्त्याला पाण्याचे मीटर दुरुस्त करायचं जुनं मीटरघर बंद पडलंय. तिथल्या अकरा खोल्या शहरातल्या पोटासाठी कला करणाऱ्या माणसांना कामाची जागा म्हणून द्यायच्या. २८ तारखेला पाहणी. तोवर खोल्या नियमानं भरलेल्या दिसल्या नाहीत तर इमारत वाहन विभागाकडे. त्यांना मोडक्या गाड्या ठेवायला ती हवीच आहे.

मी म्हटलं, “मॅडम, शहर यांना दरवर्षी सन्मानपत्रं देतंच की.”

“सन्मानपत्रावर उभं राहून काम नाही करता येत. त्याला जमीन लागते.” उत्तर आधीच तयार करून ठेवलेलं असावं.

घरी सांगितलं तर ही हसत सुटली. “तुम्ही आणि कलाकार! अहो, घरातल्या एका कलाकाराशी तरी धड बोलता का?” ठकी मात्र हसली नाही. तिनं फक्त विचारलं, मीटरघराचा खालचा हॉल किती लांब आहे. कशाला हवं होतं कोण जाणे. तीस फूट, म्हटलं.

ठकी म्हणजे आमचं कन्यारत्न. वय एकोणतीस. नाटकांचे पडदे रंगवते, तोच तिचा व्यवसाय. पडदा चोवीस फुटांचा, आमची बैठकीची खोली अकरा फुटांची. म्हणून कापड घडी घालत घालत रंगवायचं. गेल्या महिन्यात जंगलाच्या पडद्यावर एका झाडाचं खोड मधोमध चार बोटं सरकलं. नाटकवाल्यांनी दिवे मंद करून वेळ मारून नेली. ठकी दोन दिवस जेवली नाही. मी म्हटलं, झाडाला काय, वाकडं वाढलं असेल. तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलते.

बुधवार, ५ तारीख

ठकीला पत्र आलं. रात्रभराच्या प्रवासाइतक्या लांबच्या शहरात पडदे रंगवायची मोठी कार्यशाळा आहे, तिथे बोलावलंय. जमिनीवर अख्खा पडदा पसरता येतो म्हणे. ३० तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचं.

चांगलंच आहे. मुलांनी पुढे जावं. घरातला रंगाचा वास तरी जाईल, मला सोफ्यावर पाय पसरून बसता येईल.

जेवण गेलं नाही. दुपारचा चहा बाधला असावा.

गुरुवार, ६ तारीख

नियमावली लिहून काढली. कलम नऊ मी स्वतःहून घातलं: वाटप करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नातेवाइकास खोली मिळणार नाही. म्हणजे उद्या कोणी बोट दाखवायला नको. माझ्या नावाला डाग नाही, तो आताच कशाला लावून घेऊ?

कौतुकानं हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, “झालं समाधान?” आणि भांडी लावायला गेली. आज भांड्यांचा आवाज जरा जास्तच होता.

सोमवार, १० तारीख

एक्केचाळीस अर्ज. त्यातले अकरा मॅडमच्या समितीनं निवडले. कोणाला कुठली खोली, हे माझ्याकडे. दोन तासांत काम फत्ते. वय उतरत्या क्रमानं, खोल्या आकाराच्या उतरत्या क्रमानं. सगळ्यांत वडील म्हणजे व्हायोलिन बनवणारे आजोबा, वय बहात्तर. त्यांना तळमजल्याचा तीस फुटी हॉल. दगडाची शिल्पं करणारी बाई सगळ्यांत लहान. तिला दुसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली. यात कोणाला काही बोलायला जागाच नाही.

शिपाईमामा यादी बघून म्हणाले, “दगड वर जाणार होय?” नको तेव्हा बरोबर ऐकू येतं.

शुक्रवार, १४ तारीख

किल्ल्या मंगळवारी दिल्या, आज सगळे कक्षात हजर. आभार राहिले बाजूला, तक्रारीच जास्त.

आजोबा म्हणाले, “साहेब, हॉलला ओल आहे. माझं लाकूड फुगेल.”

“आजोबा, तुम्ही सगळ्यांत ज्येष्ठ. तुमचा मान आहे तो.”

“मान नको हो. कोरडी खोली द्या.”

नृत्याची बाई म्हणाली, सिमेंटच्या फरशीवर नाचून गुडघे जातात, पहिल्या मजल्यावर लाकडी जमीन आहे ती द्या. शिल्पकार बाईनं विचारलं, दगड दोन मजले न्यायचा कसा? मी म्हटलं, “जसा इथवर आणलात तसा.” ती पाठ फिरवून निघून गेली. उत्तर जरा लागलं असेल, पण एकाला सवलत दिली की अकराजण हात पसरतात. क्वार्टर वाटताना हे सगळं पाहिलंय मी.

ठकी हल्ली दिवसभर बाहेर असते. चपलांना पांढरी धूळ. विचारलं तर म्हणाली, “मैत्रिणीकडे पीठ सांडलं.” रोज कसं सांडतं?

सोमवार, १७ तारीख

न सांगता मीटरघरावर गेलो. रजिस्टर काखेत. आणि काय पाहावं! एकही माणूस आपल्या खोलीत नाही. शिल्पकार बाई मागच्या अंगणाला लागून असलेल्या तळमजल्याच्या खोलीत ठाणठाण करत बसलेली. नृत्याची बाई लाकडी जमिनीवर. आजोबा दुसऱ्या मजल्यावर, त्या टोकाच्या खोलीत, आणि एकटे नाहीत! लाकडी बाहुल्या करणारा त्यांच्याच खोलीत बिऱ्हाड करून बसलाय. दोघांचा सरस एकाच पातेल्यात शिजतोय. “त्याला सोबत होते, मला हातोडी मिळते,” आजोबा म्हणाले. लाज नाही ती नाहीच.

दारातल्या भिंतीवर खडूनं अख्ख्या इमारतीचा नकाशा काढलेला. कोण कुठे, पाणी कुठे, ऊन कुठल्या खिडकीतून किती वाजता येतं, आवाज करणारे एकीकडे, शांतता लागणारे दुसरीकडे. चोरीचाच मामला, पण काम सुबक. अक्षर मोत्यासारखं. आमच्या कार्यालयात असं कोणाला जमायचं नाही. हॉलच्या जागी मात्र कोणाचंच नाव नाही, नुसता एक लांबलचक चौकोन काढून ठेवलाय. विसरले असणार.

“कोणी काढला हा?” विचारलं. सगळे छताकडे बघायला लागले. बाहुलीवाला म्हणाला, “आमची एक मैत्रीण आहे.”

माझ्या एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा माझी यादी लोकांनी माझ्या पाठीमागे उलटीपालटी केली. कानशिलं तापली होती ती अजून निवलेली नाहीत.

मंगळवार, १८ तारीख

अकराही जणांना नोटिसा. सात दिवसांत आपापल्या नेमलेल्या खोलीत जा, नाही तर वाटप रद्द. मुद्दाम स्वतः टाइप केल्या.

घरी सांगितलं तेव्हा ठकीनं घास तसाच ताटात ठेवला. म्हणाली, “बाबा, सगळ्यांचं रद्द झालं तर इमारत मोडक्या गाड्यांना जाईल.”

“जाईना का. नियम तो नियम.”

“या शहरात पडदा पसरायला जागा नाही, दगड ठोकायला जागा नाही. टाळ्या वाजवायला तेवढं सभागृह आहे. मग लोक जातात निघून आणि तुम्ही म्हणता, इथे कोणी टिकत नाही.”

ही म्हणाली, “ठके, जेव आधी.” मी आमटी वाढून घेतली. उत्तर सुचलं नाही, असं नाही. सुचलं असतं थोड्या वेळानं.

शुक्रवार, २१ तारीख

ठकीनं माळ्यावरची मोठी बॅग काढून पुसून ठेवली. अजून हो कळवलेलं नाही, पण बॅग पुसली. हिनं मला हाक मारून ती दाखवली. दाखवायची काय गरज होती? मला दिसत नाही का?

चष्म्याचा नंबर वाढला असावा. आज दोनदा पुसावा लागला.

सोमवार, २४ तारीख

आजचं आजच लिहून ठेवतो.

नोटिशीची मुदत उद्या संपते. लोक ऐकतायत का ते बघायला दहा वाजता मीटरघरावर गेलो. ऐकत होते. सगळे ऐकत होते! आजोबा लाकडं एकेक करून त्या ओल्या हॉलमध्ये उतरवत होते. आणि जिन्यावर दगड होता. तीन माणसांना न हलणारा धोंडा, फळ्या टाकून, दोर लावून, अर्ध्या जिन्यापर्यंत चढवलेला. वरून नृत्याची बाई आणि बाहुलीवाला ओढत होते. खालून शिल्पकार बाई आणि आणखी एक पोरगी खांदा लावून पाचर सरकवत होत्या. पोरगी पाठमोरी होती.

दोर निसटला. मला आवाज ऐकू आला तो फळी मोडल्याचा. त्या पाठमोऱ्या पोरीनं शिल्पकार बाईचं मनगट धरून तिला भिंतीकडे ओढलं, आणि दगड दोघींच्या कपड्यांना घासून खाली आला. पाच पायऱ्या फुटल्या. माझ्या बुटापासून बोटभर अंतरावर थांबला. पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात, ते मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

पोरगी वळली. ठकी होती.

तिच्या कोपराला खरचटलं होतं, बाकी काही नाही. कोणालाच काही नाही. मी दहादा विचारलं, कोणाला काही लागलं का, तीच तीच माणसं पुन्हा पुन्हा नाही म्हणाली. मग मी फुटक्या पायरीवर बसलो. आजोबांनी पाणी आणून दिलं.

ठकी शेजारी येऊन बसली. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. “सात दिवस दिले होते ना बाबा. आज सहावा,” एवढंच म्हणाली. नकाशा तिचाच. धूळ पिठाची नव्हती, दगडाची होती. रोज येत होती इथे, यांची सोय लावायला. स्वतःला खोली मिळणार नाही हे ठाऊक असून.

शिल्पकार बाई मनगट चोळत उभी होती. ठकीपेक्षा पाचच वर्षांनी मोठी. तिला मी विचारलं, “तुम्हाला नक्की काय लागतं?” एकोणतीस वर्षांत हा प्रश्न मी कोणाला विचारलेला नाही. ज्येष्ठता यादीत तसा रकानाच नसतो.

ती म्हणाली, “तळमजला, पाण्याचा नळ, आणि ठोकलं तर कोणी ओरडू नये.”

बस. एवढंच.

मंगळवार, २५ तारीख

सकाळी दारं उघडायच्या आधीच कार्यालयात. टिपणी लिहायला घेतली. ‘सदर नोटिसा माझ्या चुकीमुळे निघाल्या असून त्या मागे घ्याव्यात.’ ‘माझ्या चुकीमुळे’ हे शब्द मी सरकारी कागदावर आजवर लिहिलेले नव्हते. पहिल्यांदा ‘अनवधानाने’ लिहिलं, मग खोडलं. शिपाईमामा डोकावून म्हणाले, “हां, आता बरोबर.”

पुढे लिहिलं की खोल्या एकेकाला वाटण्याची पद्धत बंद करावी. पालिकेनं इमारत सगळ्या कलाकारांना मिळून द्यावी. कोण कुठे बसणार, रिकाम्या जागेत नवा माणूस कोण घ्यायचा, हे त्यांच्या सभेनं कामाची गरज पाहून ठरवावं. पालिकेनं छप्पर, पाणी, वीज आणि जिने सांभाळावेत. जोडीला ठकीचा नकाशा उतरवून लावला. माझ्या हातनं तितका सुबक नाही आला.

म्हणजे माझं वाटपाचं काम संपलं. ज्यावर उभा जन्म घालवला तेच आपल्या हातानं काढून दिलं. घरी आल्यावर जरा उदास वाटलं. हिला सगळं सांगितलं तर ही गुणगुणायला लागली! माणसाचे अधिकार जातात आणि बायकोला गाणं सुचतं.

बुधवार, २६ तारीख

मॅडमनी टिपणी दोनदा वाचली. वाटलं, आता खरडपट्टी. पण म्हणाल्या, “याचा अर्थ काय होतो ते लक्षात आलंय ना तुमच्या?”

“हो मॅडम. मी आता वाटप अधिकारी राहत नाही.”

“हं,” म्हणाल्या, जराशा हसल्या आणि सही केली. मला वाटतं, मी इतकं सरळ कबूल केल्याचं त्यांना बरं वाटलं असावं.

दुपारी प्लंबर घेऊन हॉल बघितला. ओलीचं मूळ सापडलं. भिंतीपलीकडे मीटर धुवायचा जुना हौद आहे, त्याचा नळ कित्येक वर्षं ठिबकतोय. बंद करून घेतला. उद्या गवंडी जिना दुरुस्त करायला येतोय. या कामात एक बरं आहे, संध्याकाळी काहीतरी नीट झालेलं डोळ्यांना दिसतं.

शुक्रवार, २८ तारीख

पाहणी झाली. कशी झाली ते नीट क्रमानं लिहितो.

मॅडम अकराला आल्या, वाहन विभागाचे साहेब सोबत. ते टेप घेऊनच आले होते, गाड्या किती मावतील ते मोजायला! तळमजल्यावर शिल्पकार बाई, वर नृत्य, त्याच्या वर आजोबा आणि बाहुलीवाला. प्रत्येकजण कामात. आजोबांनी नवं व्हायोलिन लावून पाहिलं तेव्हा साहेबांनी टेप खिशात घातली. मॅडमनी त्यांना विचारलं, “आपल्या सभागृहाचा पडदा फाटलाय ना? दर वेळी बाहेरगावाहून का मागवतो आपण?” साहेब म्हणाले, “इथे कोणी करतं हेच माहीत नव्हतं.”

मग सभेची यादी माझ्या हातात आली. हॉलपुढे लिहिलं होतं: नाटकाचे पडदे. खाली ठकीचा अर्ज, ठकीची सही. अकरा जणांच्या सह्या, एकमतानं.

मी तिथेच म्हणालो, “मॅडम, हे चालणार नाही. कलम नऊ! ही माझी मुलगी आहे.”

“कलम वाचा मोठ्यानं.”

“वाटप करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नातेवाइकास...”

“वाटप कोणी केलं?”

“सभेनं.”

“मग वाटप अधिकारी कोण?”

मी कलम नऊ पुन्हा वाचायला घेतलं. शिपाईमामा मागे खो खो हसत सुटले. सगळेच हसायला लागले, नृत्याची बाई तर कठड्याला धरून. अकराही जणांना कळलं होतं, मॅडमना कळलं होतं, हिला कळलं होतं म्हणून तर गाणं! एकट्या मलाच माझ्याच हातानं लिहिलेलं समजलेलं नव्हतं.

ठकीला बाजूला घेऊन विचारलं, “मला आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही बसून नवं कलम लिहिलं असतं.”

खरं आहे. लिहिलंच असतं.

वाटलं होतं त्याहून छाती हलकी आहे. पण तिनं त्या पत्राचं काय ठरवलं, ते विचारायचा धीर झाला नाही. जागा मिळाली म्हणून मुलगी राहीलच, असं कोणत्या नियमात लिहिलंय? तिकडे मोठी कार्यशाळा आहे, मोठं नाव होईल. तिची इच्छा.

रविवार, ३० तारीख

सकाळी ठकी म्हणाली, “बाबा, मोकळे आहात? एक टोक धरायला माणूस हवाय.” आजची तारीख मला माहीत होती. बूट चढवून निघालो. ही दारात उभी राहून म्हणाली, “बूट बाहेर काढा हं. नाही तर पडद्यावर चढाल.”

हॉल कोरडा ठणठणीत. तिनं चोवीस फुटांचं पांढरं कापड उलगडलं. उलगडत गेली, उलगडतच गेली, आणि ते कुठेही दुमडलं नाही. शेवटची सुरकुती हातानं सपाट केली आणि गुडघ्यांवर बसून ती नुसती बघत राहिली. या मुलीला मी एवढी वर्षं अकरा फुटांत कोंबली होती. माझ्याच्यानं तिच्याकडे बघवेना.

निळ्या खडूच्या भुकटीत घोळवलेल्या सुतळीचं एक टोक तिनं मला दिलं. पलीकडच्या कडेला नेऊन कापडावर दाबून धरायचं, दोघांनी दोन्हीकडून ताणायचं, मग मधे टिचकी मारली की सरळ रेघ उमटते. मी गुडघे टेकून धरलं.

“बाबा, घट्ट. हलू नका.”

“नाही हलत. ठके...” शेवटी विचारलंच. “ते पत्र?”

“काल टाकलं. येत नाही म्हणून कळवलं.” तिनं मानही वर केली नाही. “ताण द्या ना.”

मी ताण दिला. रेघ उमटली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही न सरकता. मी रडलो. लपवायचं काय त्यात, ही दैनंदिनी काही कार्यालयात जाणार नाही. ठकीनं पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं.

“आता पुढची,” ती म्हणाली. “एक फूट सरका.”

मी एक फूट सरकलो. आज अशा वीस रेघा मारल्या. रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब जाणारी माझी पोर दिवसभर चोवीस फुटांवर होती, आणि मला सारखी ओरडत होती.